काठमांडूची एक्सेल शीट

संपादकांना आधीच सांगून ठेवलंय, की माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा माझे ऱ्हस्व-दीर्घ तुम्हीच सांभाळा. त्यावर ते म्हणाले, "तू फक्त लिही, मराठी विभागाला तीन पानं कमी पडतायत." म्हणजे माझी निवड गुणवत्तेवर नसून स्पॉट राउंडला झालेली आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावं!

लेखाचं निमित्त असं. गेल्या काही महिन्यांपासून सेकंड इयरची मुलं-मुली मेसमध्ये मला गाठतात आणि एकच गोष्ट मागतात. नोट्स नाही, जर्नल नाही. "ताई, ती काठमांडूची एक्सेल शीट पाठव ना." डिसेंबर २०२४ मध्ये, परीक्षा संपल्या संपल्या, आमच्या ग्रुपने नेपाळची ट्रिप केली होती. तेव्हा जायचं कसं यावर आम्ही एक भलीमोठी शीट बनवली होती, आणि ती हॉस्टेलभर फिरली. रेल्वे, बस, विमान, सगळ्यांची तुलना. रंगीत कॉलम, वेटेज, शेवटी दहापैकी मार्क. दिसायला एकदम झकास.

ती शीट मी कोणालाच पाठवत नाही. का पाठवत नाही, ते सांगायला हा लेख.

आधी पर्याय सांगते, म्हणजे कोणी असं म्हणायला नको की हिने नुसतं भाषण दिलं.

पहिला पर्याय विमानाचा. मुंबईहून काठमांडूला थेट विमान मिळतं, पावणेतीन तासांच्या आसपास. नाहीतर दिल्लीला जाऊन तिथून दुसरं. जाताना डावीकडची खिडकी मागून घ्यावी, हिमालय त्या बाजूला दिसतो. आम्ही पाहिलं तेव्हा जाऊन-येऊन तिकीट वीस हजारांच्या वर होतं. आमच्या मेसचं कित्येक महिन्यांचं बिल!

दुसरा पर्याय गोरखपूरचा. लोकमान्य टिळक टर्मिनसवरून कुशीनगर एक्स्प्रेस आहे, पुण्याहूनही थेट गाडी मिळते. साधारण सतराशे किलोमीटर, दीड दिवसाच्या आसपास, आणि स्लीपरचं तिकीट सातशेच्या घरात. गोरखपूरचा प्लॅटफॉर्म १३६६ मीटरचा आहे. २०२३ मध्ये हुबळीने मागे टाकेपर्यंत जगातला सगळ्यात लांब प्लॅटफॉर्म तोच होता. (सामान घेऊन चालताना ही माहिती अजिबात आनंद देत नाही.) तिथून बसने किंवा जीपने शंभरेक किलोमीटरवर सोनौली. कमान चालत ओलांडली की नेपाळ. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं आणि आपल्या एका रुपयाचे त्यांचे एक रुपया साठ पैसे धरायचे. पुढे भैरहवा, बुटवल, नारायणगढ, मुगलिंग करत काठमांडू. अंतर अवघं २८० किलोमीटरच्या आसपास. 'अवघं' या शब्दाकडे नंतर येते.

तिसरा पर्याय बिहारमधल्या रक्सौलचा. रक्सौलला उतरायचं, पलीकडे वीरगंज, पुढे हेटौडा, आणि तिथून डोंगरातल्या अरुंद रस्त्याने शेअर जीप. या रस्त्यावर अजूनही टाटा सुमो धावतात. पुण्याच्या मुलांना अभिमान वाटावा म्हणून सांगते, सुमो हे नाव सुमंत मूळगावकरांच्या नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून आलंय. गाडीचं उत्पादन २०१९ मध्ये बंद झालं, पण हेटौड्याच्या ड्रायव्हरांना ते कोणी कळवलेलं दिसत नाही.

चौथा पर्याय म्हणजे दिल्लीहून थेट काठमांडू बस, जी नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. एक दिवस आणि वर काही तास एकाच सीटवर. आम्ही तो चर्चेतच बाद केला.

आता शीट. आमचा खजिनदार हा हॉस्टेलमधला सगळ्यात हिशेबी माणूस, चहाचे पैसेसुद्धा लिहून ठेवणारा. त्याने कॉलम पाडले: खर्च, वेळ, आराम, बुकिंगची सोय, बघण्यासारखं काय. खर्चाला वेटेज चाळीस टक्के, कारण आम्ही विद्यार्थी. आणि पहिला नंबर कोणाचा आला? रेल्वेने गोरखपूर, संध्याकाळपर्यंत सोनौली, आणि तिथून रात्रीची बस! कारण काय, तर रात्रीच्या प्रवासात लॉजचे पैसे वाचतात. हे लॉजिक प्रत्येक हॉस्टेलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. रात्री झोपायचं, सकाळी पोचायचं, एका रात्रीचं भाडं खिशात. आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या.

माझी रूममेट भुसावळची आहे. ती फार बोलत नाही. तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला, शीट वरपासून खालपर्यंत बघितली आणि विचारलं, "यात रस्ता कुठाय?"

आम्हाला प्रश्नच कळला नाही. रस्ता म्हणजे काय? किलोमीटर आहेत की दुसऱ्या कॉलममध्ये!

मग तिने सांगितलं. खरं तर आम्हाला सगळ्यांना माहीत असायला हवं होतं, चारच महिने झाले होते. २३ ऑगस्ट २०२४ ला पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली यात्रेकरूंची बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. २७ माणसं गेली. त्यातली बहुतेक जळगाव जिल्ह्यातली, भुसावळ-वरणगावच्या बाजूची. हवाई दलाच्या विमानाने मृतदेह महाराष्ट्रात आणले होते. मी ती बातमी मोबाइलवर वाचली होती आणि अंगठ्याने वर सरकवली होती. ती त्या आठवड्यात घरी होती. तिच्या आईच्या ओळखीचं एक घर त्यात होतं. ती म्हणाली, "मी ट्रिपला नाही म्हणत नाहीये. मला यायचंय. पण त्या रस्त्याला तुम्ही एक कॉलम द्या."

खजिनदाराने लगेच कॉलम टाकला. 'सेफ्टी', वेटेज दहा टक्के. पुन्हा बेरीज केली. रात्रीची बस पुन्हा पहिली!

त्या रात्री आम्ही हसलो नाही, पण नक्की काय चुकतंय तेही कोणाला सांगता आलं नाही. या वर्षी ट्रान्स्पोर्टेशन इंजिनिअरिंग शिकताना मला ते सापडलं, आणि सापडलं ते पुस्तकात नाही, आपल्याच मार्कलिस्टमध्ये. समजा चार विषयांत नव्वद पडले आणि एकात वीस. ॲव्हरेज छान दिसतं. पण युनिव्हर्सिटी म्हणते का, की ॲव्हरेज छान आहे, जा पुढे? केटी लागते ती लागतेच. प्रत्येक विषयात वेगळं पास व्हावं लागतं. आमची शीट काय करत होती? स्वस्त तिकिटाचे मार्क घेऊन दरडीच्या रस्त्यावरचे गेलेले मार्क भरून काढत होती. लॉजचे वाचलेले सातशे रुपये आणि ड्रायव्हरच्या डोळ्यावरची झोप या गोष्टी एका बेरजेत येतच नाहीत. आधी त्या एका विषयात पास व्हायचं, मग बाकीच्या मार्कांवर नंबर काढायचा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पुढचं फक्त उदाहरण समजा.

त्या २८० किलोमीटरमधला नारायणगढ ते मुगलिंग हा टप्पा जेमतेम ३६ किलोमीटरचा आहे. एका बाजूला कापलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली त्रिशूली नदी. हिमालय वयाने तरुण पर्वत, खडक ठिसूळ, त्यात रस्त्यासाठी पायथा कापलेला, वरून पावसाचं पाणी मुरतं. सॉइल मेकॅनिक्सच्या पेपरात स्लोप स्टॅबिलिटीवर सात मार्कांचा प्रश्न येतो ना, तोच प्रश्न इथे लोक रोज बसमध्ये बसून सोडवतात. १२ जुलै २०२४ ला पहाटे साडेतीनच्या सुमारास याच टप्प्यावर सिमलताल इथे दरड आली आणि दोन बस त्रिशूलीत वाहून गेल्या. आत साठाहून जास्त माणसं होती, तिघंच वाचली. सप्टेंबर २०२४ च्या अखेरच्या पुरात तर काठमांडूला येणारे रस्तेच तुटले. जपानच्या मदतीने बांधलेला, २०१५ मध्ये पूर्ण झालेला सुंदर बी. पी. महामार्गसुद्धा त्यात ठिकठिकाणी वाहून गेला.

कोणी म्हणेल, मग विमानाने जा की, प्रश्नच मिटला. माझे बाबा हेच म्हणत होते. पण तिथेही डोळे मिटून मार्क देता येत नाहीत. काठमांडूचं त्रिभुवन विमानतळ डोंगरांनी वेढलेल्या वाटीत आहे, धावपट्टी एकच. १२ मार्च २०१८ ला तिथे उतरताना झालेल्या अपघातात ५१ जण आणि २४ जुलै २०२४ ला उड्डाण करताना झालेल्या अपघातात १८ जण गेले. नेपाळमधल्या विमान कंपन्यांवर युरोपियन युनियनने २०१३ मध्ये बंदी घातली. म्हणून भैरहवा किंवा सिमराहून काठमांडूला जाणारं छोटं विमान हा 'सेफ' पर्याय आहे असं मी तरी म्हणणार नाही. आणि बंद पडायचं म्हटलं तर विमानतळही बंद पडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुणांचं आंदोलन पेटलं, तेव्हा तो बंद ठेवावा लागला होता. तरीसुद्धा भारतातून थेट जाणारं मोठं विमान हा त्या ३६ किलोमीटरपेक्षा बरा पर्याय आहे, हे मान्य करते. ज्यांना परवडतं त्यांनी जावं. विमानाने जाणारा तो श्रीमंत बापाचा आणि सुमोने जाणारा तो खरा प्रवासी, असला फुकटचा रुबाब माझ्यात नाही.

पण विमानात आणखी एक कॉलम निघाला, जो कोणाच्याच डोक्यात नव्हता. कागदपत्रं! नेपाळला व्हिसा लागत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. १९५० चा करार वगैरे आपण स्पर्धा परीक्षेसाठी पाठ करतो. पण जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. पंधरा ते पासष्ट वयातल्या माणसाचं आधार कार्ड त्यासाठी चालत नाही. आमच्या सहाजणांत पासपोर्ट दोघांकडे, मतदार ओळखपत्र दोघींकडे. उरलेल्या दोघांकडे आधार, पॅन, कॉलेजचं आयकार्ड, जिमचं कार्ड, सगळं होतं, हे सोडून! अठरा वर्षं पूर्ण होऊन वर्ष उलटलेलं, राजकारणावर मेसमध्ये तासतासभर वाद, आणि मतदार यादीत नाव नाही. फॉर्म नंबर सहा धावतपळत भरला. एकाचं कार्ड वेळेत आलं. दुसऱ्याचं नाही आलं आणि तो मागे राहिला. तो म्हणजे आमचा खजिनदार. ज्याने प्रत्येक पर्यायाचा हिशेब केला, त्याच्याकडे एकही पर्याय नव्हता. पुण्याच्या स्टेशनवर आम्हाला सोडायला आला होता, हातात शीटची प्रिंट घेऊन. ते अजून आठवतं.

शेवटी ठरलं ते असं. रेल्वेने गोरखपूर, रात्री भैरहवाला मुक्काम, सकाळी उजेडात तिथल्याच गाडीने, तिथल्याच ड्रायव्हरबरोबर काठमांडू. बाबांची अट होती, की येताना तरी विमानाने ये, तिकीट मी काढतो. मी ती मान्य केली.

डिसेंबरमध्ये उत्तरेत धुकं असतं, हेही शीटमध्ये नव्हतं. रूममेट भुसावळला गाडीत चढली, बरोबर आईने दिलेले शेवभाजीचे दोन डबे. लखनौनंतर खिडकीबाहेर नुसतं पांढरं. गाडी सहा तास लेट. म्हणजे रात्रीच्या बसचं बुकिंग असतं तर ती तशीही चुकलीच असती! सोनौली ओलांडली तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते (सव्वानऊ म्हणायला हवं). भैरहवातल्या लॉजवर डोक्यामागे साडेतीनशे रुपये गेले. एवढ्या पैशांसाठी आम्ही काय लावायला निघालो होतो, याचा हिशेब मी उशीवर डोकं टेकून केला.

सकाळी सातला निघालो. मायक्रोबसचे ड्रायव्हर दाइ पन्नाशीचे असतील. बुटवल ते नारायणगढ रस्ता रुंद करायचं काम चालू होतं, म्हणजे धूळ आणि खड्डे. पुढे घाट. उजेडात तो रस्ता बघितला आणि मनात आलं, की रात्री आम्ही इथून झोपेत गेलो असतो आणि सकाळी म्हणालो असतो, "काय मस्त प्रवास झाला!" न दिसलेला धोका आपण धरतच नाही.

मुगलिंगला चहासाठी थांबलो. तिथे मर्स्यांगदी येऊन त्रिशूलीला मिळते. दाइंनी विचारलं, कुठून आलात? आम्ही सांगितलं पुणे. रूममेट म्हणाली, "मी भुसावळ." दाइंनी ग्लास खाली ठेवला. "भुसावळ," ते म्हणाले, आणि नदीच्या वरच्या अंगाला हात केला. एका नेपाळी ड्रायव्हरला भुसावळ माहीत असावं, आणि ते स्टेशनमुळे नाही, केळ्यांमुळे नाही, तर या कारणाने! ती रेलिंगपाशी जाऊन थोडा वेळ उभी राहिली. आम्ही कोणी गेलो नाही. मग तीच वळून म्हणाली, "चला, उजेड जाईल."

ती बस रात्री नाही, दिवसाढवळ्या पडली होती. तेव्हा उजेडात गेलं की काही होत नाही, असं मी म्हणतेय असं समजू नका. उजेड, झोप झालेला ड्रायव्हर, पावसाळा टाळणं, एवढ्याच गोष्टी आपल्या हातात असतात. बाकीच्या नसतात. म्हणून तर हातात असलेल्या गोष्टी सातशे रुपयांना विकायच्या नसतात.

संध्याकाळी सहाला काठमांडूच्या दरीत उतरलो. अकरा तास. शेवटच्या चढावर नागढुंगा बोगद्याचं काम दिसलं, अडीच किलोमीटरहून लांब, खोदकाम एप्रिल २०२४ मध्ये आरपार झालेलं. आमची सिव्हिलची टाळकी खिडकीला चिकटली! १९५० च्या दशकात भारताच्या मदतीने त्रिभुवन राजपथ झाला, त्याआधी या शहरात मोटार येण्यासारखा रस्ताच नव्हता. राण्यांच्या नव्हे, राणांच्या मोटारी हमालांनी बांबूंवर तोलून डोंगरापलीकडून आणल्या होत्या. तो डोंगर चढून आल्यावर ही गोष्ट ऐकली, की ती नुसती गंमत वाटत नाही.

पाच दिवसांनी मी विमानाने परतले. उजवीकडच्या खिडकीतून बर्फाची शिखरं दिसली आणि संध्याकाळी मी घरी आईच्या हातचं वरणभात जेवत होते. बाकीचे चौघं त्याच सकाळी सुमोत बसून हेटौडा, रक्सौल आणि मग रेल्वे करत निघाले होते. दुपारी 'वीरगंज' एवढा एक मेसेज आला, मग रात्रभर काही नाही. दुसऱ्या दिवशी 'गाडीत आहोत'. मी दोन दिवस फोन हातात घेऊन बसले होते. घरी वाट बघणाऱ्या माणसाचा कॉलम कसा असतो, ते मला तेव्हा कळलं. बाबा रात्रीच्या बसला नको म्हणाले होते, तेव्हा मी त्यांना काय काय बोलले होते, ते इथे लिहीत नाही.

रक्सौल ते काठमांडू रेल्वे करायची म्हणतात, सुमारे १४० किलोमीटर. त्याचं सर्वेक्षण आपल्या कोकण रेल्वेने केलंय. दरडी, बोगदे आणि पाऊस म्हणजे काय, हे त्यांच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार! आपल्यापैकी कोणी कदाचित त्या कामावर असेल. तेव्हा हा लेख रद्द समजावा.

तोपर्यंत ज्युनिअर्सनो, जा, जरूर जा. आधी फॉर्म नंबर सहा भरा. पावसाळा सोडून जा. गोरखपूरपर्यंत खुशाल स्लीपरने जा, तिथे कंजुषी चालेल. पण डोंगर उजेडात चढा, आणि एका लॉजचं भाडं जास्त धरा. शीट हवी असेल तर स्वतः बनवा, आणि बनवल्यावर ग्रुपमधल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाला दाखवा.

खजिनदाराने आता पासपोर्ट काढलाय. पुढच्या डिसेंबरला तो आणि मी पुन्हा जायचं म्हणतोय, रूममेटही येणार आहे. या वेळी कॉलम तिने पाडलेत.